किती एमबीपीएस ते नंतर विचारा, आधी विचारा बंद पडल्यावर कोण येतं!



घरून धंदा सुरू करण्यावरचा व्हिडिओ टाकला आणि खाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, घरी नेट कुठलं घेऊ?" कोणी बदलापूरहून विचारलं, कोणी अंबरनाथहून, कोणी विरारहून. व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं आणि ते अर्धवट राहिलं, हे मला मान्य आहे. म्हणून आज नीट लिहितोय. चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. आपल्यासारख्या गावात, म्हणजे ना धड मुंबई ना धड खेडं अशा ठिकाणी, घरच्या नेटची तुलना स्पीडवर आणि महिन्याच्या दरावर करायची नसते. नेट बंद पडल्यावर ते किती वेळात परत चालू होतं, यावर करायची असते. बाकी सगळं दुय्यम.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. ११,४०० रुपये भरून शिकलोय.

वीस मिनिटांचं काम, पाच दिवसांची वाट

तुम्हाला माहीतच आहे, दिवसा माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान असतं आणि रात्री नऊला घरून ऑनलाइन बॅच घेतो. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये तीन संध्याकाळची एक कार्यशाळा ठेवली होती. विषय, दिवाळीचा माल किती आणि कधी भरायचा. ३८ जणांनी प्रत्येकी ३०० रुपये भरले होते. त्यात घरून फराळ करणाऱ्या ताई होत्या, किराणावाले होते, एक जण तर पहिल्यांदाच दुकान टाकत होता.

पहिल्या दिवशी सव्वाआठला पाऊस सुरू झाला आणि साडेआठला भिंतीवरच्या डबीचा एलओएसचा दिवा लाल. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांना हा लाल दिवा माहीत असेल. त्याचा साधा अर्थ, बाहेरून प्रकाश येत नाहीये, म्हणजे वायर कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे. राऊटर दहा वेळा बंद-चालू करून काही उपयोग नाही.

कॉल सेंटरला फोन लावला. चार तासांत माणूस येईल, म्हणाले. मग म्हणाले चोवीस तासांत. मग मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे! इकडे लाल दिवा तसाच. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून गॅलरीत उभा राहून शिकवायचा प्रयत्न केला. आवाज तुटतोय, स्क्रीन अडकतेय, लोक "सर ऐकू येत नाही" लिहितायत. अर्ध्या तासाने हात जोडले आणि थांबलो.

पाचव्या दिवशी एक पोरगा आला. कोपऱ्यावर ट्रकने वरून जाणारी वायर ओढली होती. त्याने शिडी लावली, जॉइंट मारला, वीस मिनिटांत हिरवा दिवा. मी त्याला विचारलं, "अरे, पाच दिवस कुठे होतास?" तो म्हणाला, "साहेब, अंबरनाथपासून वांगणीपर्यंत आम्ही दोघंच आहोत."

मी ३८ जणांचे पैसे परत केले. पैशांपेक्षा जास्त काय लागलं सांगू? त्यातले पंधरा-सोळा जण पुन्हा कधी बॅचला आलेच नाहीत. त्यांच्या दृष्टीने मी वेळ न पाळणारा माणूस झालो. कंपनीचं नावसुद्धा त्यांना माहीत नाही. नाव माझं खराब झालं.

माझ्याकडे तेव्हा प्लॅन २०० एमबीपीएसचा होता. त्या पाच दिवसांत त्याचा उपयोग शून्य.

एकाच गावात एकाला चांगलं, दुसऱ्याला वाईट का?

तुम्ही शेजाऱ्याला विचारता, तो म्हणतो अमुक कंपनी एकदम बेस्ट. ऑफिसातला मित्र म्हणतो, तीच कंपनी सगळ्यात बेकार. दोघंही खरं बोलत असतात. कसं ते बघा.

फायबरमध्ये कंपनीच्या मशीनमधून एक तार निघते आणि वाटेत एका छोट्या डबीत, म्हणजे स्प्लिटरमध्ये, ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. त्या डबीपासून तुमच्या घरापर्यंतची शेवटची वायर कशी आलीय, यावर तुमचं सगळं नशीब. नव्या टॉवरमध्ये ती डक्टमधून सरळ वर येते. जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये या गच्चीवरून त्या गच्चीवर, विजेच्या खांबावरून, झाडाच्या फांदीवरून लोंबकळत येते. ट्रक, माकड, पतंगाचा मांजा, रस्त्याचं काँक्रीट करायला आलेला जेसीबी, सगळे तिचे शत्रू.

आता आपलं बदलापूर घ्या. २०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास लोकसंख्या होती, त्यानंतर किती बिल्डिंगा उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज लोकलमधून बघताच. पूर्वेला कात्रप-शिरगाव, पश्चिमेला उल्हास नदी. २६ जुलै २००५ चा पूर आठवतो, आणि जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती तेही आठवतं. नदीकडच्या हेंद्रेपाड्यात पाणी चढतं तेव्हा तळमजल्यावर मीटरजवळ लावलेल्या नेटच्या डब्यांचं काय होत असेल? वर महावितरणची लाइट गेली की घरातला राऊटर बंद.

म्हणून "बदलापुरात कुठलं नेट चांगलं" हा प्रश्नच चुकीचा आहे. "माझ्या बिल्डिंगमध्ये, माझ्या गल्लीत कुठलं नेट लवकर दुरुस्त होतं" हा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर कुठल्याही जाहिरातीत नाही आणि माझ्याकडेही नाही. ते तुमच्या जिन्यात आहे.

बाजारात कोण कोण आहे?

आपल्यासारख्या गावात साधारण चार प्रकार मिळतात.

पहिला, मोठ्या खाजगी कंपन्या. जिओ आणि एअरटेल. १०० एमबीपीएसचा प्लॅन जिओचा ६९९ आणि एअरटेलचा ७९९ रुपये, हे दर बरेच दिवस चालत आलेत. त्याखाली जिओचा ३९९ चा ३० एमबीपीएस आणि एअरटेलचा ४९९ चा ४० एमबीपीएस. घेताना त्यांच्या ॲपवर दर पुन्हा बघून घ्या, बदलत असतात. आणि लक्षात ठेवा, यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे ६९९ चे हातात ८२५ आणि ७९९ चे ९४३ होतात. पोरगा दारात येऊन "सातशे" म्हणतो, बिल सव्वाआठशेचं येतं, मग भांडणं होतात. जमेची बाजू म्हणजे बिल पक्कं, ॲप पक्कं, तक्रारीचा नंबर मिळतो. कमजोर बाजू, दुरुस्तीला येणारा माणूस बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो आणि त्याच्याकडे भला मोठा पट्टा असतो. माझ्याकडे आला होता तसा.

दुसरा, बीएसएनएल. लोकांना वाटतं सरकारी आहे, म्हणजे ऑफिसातून लाइनमन येईल. फायबरमध्ये आता तसं राहिलेलं नाही. बीएसएनएलचं घरगुती फायबर मोठ्या प्रमाणात स्थानिक भागीदारांमार्फत दिलं जातं. वायर टाकणारा, दुरुस्त करणारा तो भागीदार, आणि त्याला बिलातला वाटा मिळतो. म्हणजे नाव एकच, पण तुमच्या भागातला भागीदार उत्साही असेल तर सेवा झकास, नसेल तर रामभरोसे. बीएसएनएल घेताना "आमच्या भागात पार्टनर कोण?" हे आधी विचारा आणि त्याला प्रत्यक्ष भेटा.

तिसरा, आपला लोकल केबलवाला. आधी टीव्हीची केबल द्यायचा, आता नेट देतो. याच्यावर दोन टोकाची मतं ऐकतो. माझं मत सांगतो. माझं नेट पाच दिवस बंद होतं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंचं, जे याच केबलवाल्याचं आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होतं. ट्रकने त्याचीही वायर ओढली होती. पण काकूंनी त्याच्या घरी फोन केला, त्याच्या आईने त्याला उठवलं. ही ताकद कुठल्या कॉल सेंटरकडे नाही. पण दुसरी बाजूही बघा. हाच माणूस गणपतीला गावी गेला की पाच दिवस फोन बंद. रात्री नऊ ते अकरा सगळी बिल्डिंग वेबसिरीज बघायला बसली की स्पीड अर्ध्यावर. आणि बिल मागितलं तर "बिल कशाला हवंय, व्हॉट्सॲपवर पाठवतो ना". धंद्याच्या खर्चात दाखवायचं असेल तर जीएसटीचं बिल लागतं, हे विसरू नका.

चौथा, एअर फायबर. म्हणजे वायरशिवाय, गच्चीवर किंवा खिडकीत डबा लावून मोबाईल टॉवरवरून येणारं नेट. जिओने ते सप्टेंबर २०२३ मध्ये आणलं, एअरटेलने त्याच्या थोडं आधी. जिथे वायर पोचतच नाही तिथे ही मोठी सोय आहे. ट्रक वायर ओढण्याचा प्रश्नच नाही. पण टॉवर तुमच्या एकट्याचा नाही. त्यावर जितके लोक, तितकी वाटणी. डेटाची मर्यादाही बघा. जिओच्या घरच्या फायबरमध्ये महिन्याला ३,३०० जीबी मिळतात, एअर फायबरमध्ये १,००० जीबी. घरात दोन टीव्ही आणि तुमचे व्हिडिओ अपलोड असतील तर हा फरक जाणवतो.

आता वही काढा

बीबीएला कॉस्टिंगचा पेपर होता, तेव्हा कंटाळा यायचा. पण दुकान टाकल्यावर कळलं की सगळा धंदा त्याच पेपरात आहे. नेटलाही तोच हिशोब लावा.

नेटचा खरा वार्षिक खर्च = बिलं + (बंद राहिलेले दिवस × एका दिवसाचं तुमचं नुकसान).

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

"अ" चा प्लॅन ५०० रुपये. जीएसटी धरून ५९०, वर्षाचे ७,०८०. पण वर्षात १२ दिवस बंद राहतो.

"ब" चा प्लॅन ८०० रुपये. जीएसटी धरून ९४४, वर्षाचे ११,३२८. वर्षात ४ दिवस बंद.

"अ" सरळ ४,२४८ रुपयांनी स्वस्त दिसतो. आता तुमचं एका दिवसाचं नुकसान ७०० रुपये धरा. "अ" ला १२ दिवसांचे ८,४०० मिळवले की १५,४८०. "ब" ला ४ दिवसांचे २,८०० मिळवले की १४,१२८. महाग दिसणारा "ब" स्वस्त पडला.

आणि नेट फक्त सिनेमे बघायला असेल, एक दिवस बंद पडलं तर फार तर १०० रुपयांची चिडचिड होत असेल, तर? "अ" ८,२८०, "ब" ११,७२८. मग डोळे झाकून "अ" घ्या.

या उदाहरणात फिरण्याची जागा ५३१ रुपये आहे. नेट बंद असलेल्या दिवसाला तुमचे ५३१ पेक्षा जास्त जात असतील तर "ब", कमी जात असतील तर "अ". माझ्या बॅचमधल्या एक ताई घरून केक करतात. त्यांना हा हिशोब करायला लावला तर त्या म्हणाल्या, "सर, मी कधी मोजलंच नव्हतं. शनिवारी नेट गेलं तर माझ्या चार ऑर्डरी जातात." चार ऑर्डरी म्हणजे तिथेच उत्तर मिळालं.

तुम्हीही आज रात्री मोजा. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात का? पैसे क्यूआरवर येतात का? मुलांचे क्लास ऑनलाइन आहेत का? तुमचा मिस्टर किंवा मिसेस घरून काम करतात का? त्यांचा एक दिवसाचा पगार कापला गेला तर तोही यात धरा.

स्पीडचं काय मग?

स्पीड लागतोच. पण लोकांना वाटतो तितका नाही. आणि इथे एक गोंधळ आहे. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि आपल्या फाईली असतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसवर सेकंदाला साडेबारा एमबी, तेसुद्धा सगळं सुरळीत असेल तर. मला एक जीबीचा व्हिडिओ चढवायला १०० एमबीपीएसच्या अपलोडवर ८० सेकंद लागायला हवेत, १० एमबीपीएसच्या अपलोडवर ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांच्या वर.

"अपलोड" हा शब्द पकडा. जाहिरातीत मोठा आकडा बहुतेक डाउनलोडचा असतो. सिनेमा बघणाऱ्याला डाउनलोड लागतो, पण आपल्यासारख्यांना, म्हणजे फोटो-व्हिडिओ टाकणाऱ्यांना, ऑनलाइन शिकवणाऱ्यांना अपलोड लागतो. घेताना सरळ विचारा, "अपलोड किती?" समोरचा गडबडला तर समजून जा.

आणि कंपनीला शिव्या घालायच्या आधी राऊटर कुठे ठेवलाय ते बघा. टीव्हीमागे, कपाटात, देवघराच्या कोपऱ्यात ठेवून बेडरूममध्ये रेंज नाही म्हणता, तर ती चूक आपली. लॅपटॉपला थेट वायर लावून स्पीड तपासा. वायरवर पूर्ण आणि वायफायवर अर्धा येत असेल तर दोष घरातला आहे. वायरवरसुद्धा कमी येत असेल तर दोष त्यांचा. ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप आहे, त्यातून स्पीड तपासता येतो. दुपारी तीनला तपासू नका, रात्री नऊ ते दहामध्ये तपासा, तीन दिवस सलग.

घेण्याआधी हे सात प्रश्न

कंपनीला विचारायच्या आधी जिन्यात विचारा. तुमच्या बिल्डिंगमधली किंवा गल्लीतली पाच घरं गाठा, वेगवेगळ्या कंपन्यांची. एक संध्याकाळ जाईल.

१. शेवटचं नेट कधी बंद पडलं?

२. किती दिवसांनी चालू झालं? "लवकर झालं" हे उत्तर घेऊ नका. वार विचारा. "सोमवारी गेलं, बुधवारी आलं" असं.

३. दुरुस्तीला कोण आलं? त्याचा नंबर आहे का?

४. पावसाळ्यात किती वेळा गेलं?

५. रात्री नऊनंतर कसं चालतं?

६. बंद दिवसांचे पैसे बिलातून कमी करून मिळाले का?

७. सोडायचं ठरवलं तर राऊटर आणि डिपॉझिटचं काय झालं?

पाच घरांतून तुम्हाला जे कळेल, ते इंटरनेटवरच्या पाचशे रिव्ह्यूंपेक्षा खरं असेल. कारण त्यांची वायर आणि तुमची वायर एकाच खांबावरून येते.

आणि एक नियम माझ्याकडून पाळाच. पहिला पावसाळा काढल्याशिवाय वर्षाचे पैसे एकदम भरू नका. "बारा महिन्यांचे भरा, दोन महिने फ्री" हे ऐकायला गोड असतं. पण एकदा वर्षाचे पैसे गेले की तुमच्या हातात काही उरत नाही. महिन्याच्या गिऱ्हाइकाला दुकानदार जपतो, कारण तो पुढच्या महिन्यात जाऊ शकतो. मी स्वतः दुकानदार आहे, मला विचारा! आधी एक महिना, मग तीन, आणि पाऊस नीट गेला तर खुशाल वर्षाचे भरून सवलत घ्या.

बॅकअप नसेल तर सगळं व्यर्थ

कुठलीही कंपनी घ्या, कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून दोन गोष्टी करा.

एक, राऊटरसाठी छोटा यूपीएस. राऊटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात, त्यांना लागणारा छोटा यूपीएस हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो आणि लाइट गेल्यावर काही तास काढून देतो. घेताना राऊटरचा व्होल्ट आणि अँपिअर त्याच्या पाठीमागे वाचून घ्या, पिन जुळते का बघा.

दोन, दुसऱ्या कंपनीचं सिम. दुसऱ्या म्हणजे खरंच दुसऱ्या. घरात जिओचं फायबर आणि फोनमध्येही जिओ असेल, तर एका जागी बिघाड झाला की दोन्ही जाऊ शकतात. एकाचं फायबर, दुसऱ्याचं सिम. आणि ते सिम घरात नक्की कुठे चालतं ते आजच बघून ठेवा. माझ्यासारखी गॅलरीत उभं राहून शिकवायची वेळ येऊ देऊ नका.

आता मघाचा हिशोब पुन्हा करा. "अ" चे ७,०८०, यूपीएसचे १,५००, सिमला महिन्याला २०० धरले तर वर्षाचे २,४००. झाले १०,९८०. बॅकअपमुळे १२ पैकी खरे बुडालेले दिवस दोनच राहिले, तर ७०० प्रमाणे १,४००. एकूण १२,३८०. म्हणजे साधा प्लॅन आणि नीट बॅकअप हे महागड्या "ब" पेक्षाही स्वस्त पडलं. मी आता हेच करतो. २०० चा प्लॅन सोडला, १०० चा घेतला, आणि वाचलेल्या पैशांत बॅकअप उभा केला.

काही जण म्हणतील, सर, दोन फायबरच घ्या ना. घ्या, धंदा तेवढा असेल तर. पण दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत असतील तर एकच ट्रक दोन्ही नेईल, एवढं बघून घ्या.

सोसायटीच्या मीटिंगला जा

हा मुद्दा फार कोणी बोलत नाही. बऱ्याच सोसायट्यांमध्ये कमिटी एकाच कंपनीला आत येऊ देते. कधी गच्ची खराब होईल म्हणून, कधी एखाद्या सभासदाची ओळख म्हणून, कधी कंपनीने काही देऊ केलं म्हणून. मग सगळ्या बिल्डिंगला पर्यायच उरत नाही. आणि जिथे पर्याय नाही तिथे दुरुस्तीला कोणी धावत येत नाही. हा साधा धंद्याचा नियम आहे.

ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी मानांकन द्यायचे नियम आणले, म्हणजे चांगलं नेट ही आता घराच्या दर्जाची गोष्ट मानली जाऊ लागली आहे. तुमच्या वार्षिक सभेत विषय मांडा. किमान दोन-तीन कंपन्यांना परवानगी द्या, वायरी लोंबकळत ठेवण्याऐवजी डक्टमधूनच टाकायची अट घाला, आणि डबे तळमजल्यावरून पुराच्या पाण्याच्या वर चढवा. भाडेकरूला घर देताना सुद्धा "नेट कुठलं येतं?" हा प्रश्न आता पहिला विचारला जातो, हे कमिटीला सांगा. लगेच ऐकतील.

तक्रार करा, पण पद्धतशीर

आपण काय करतो? कॉल सेंटरच्या पोराला ओरडतो आणि फोन आपटतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याऐवजी तक्रारीचा नंबर घ्या, तारीख-वेळ वहीत लिहा, लाल दिव्याचा फोटो काढा. तक्रार न सोडवताच बंद केली तर मोठ्या कंपन्यांकडे पुढची पायरी असते, अपील. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे हे अपील तीस दिवसांच्या आत करायचं आणि कंपनीने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. त्याच्याही पुढे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मी त्या पाच दिवसांनंतर अपील केलं. बिलातून बंद दिवसांचे पैसे कमी झाले. रक्कम दीडशे-दोनशेच्या आतबाहेरची. माझे ११,४०० काही परत आले नाहीत. पण पुढच्या वेळी लाल दिवा लागला तेव्हा माणूस दुसऱ्याच दिवशी आला. योगायोग असेल, मला तसं वाटत नाही.

शेवटी

आपण दुकानात गिऱ्हाइकाला माल विकतो तेव्हा त्याला काय हवं असतं? "खराब निघाला तर बदलून देणार ना?" एवढंच. नेट घेताना मात्र आपण हाच प्रश्न विसरतो आणि ३००-५०० एमबीपीएसच्या आकड्याला भुलतो.

या रविवारी जिन्यात फिरा, पाच घरांना विचारा, वहीत हिशोब मांडा. मग कुठलीही कंपनी घ्या, माझी हरकत नाही.

आणि तुमच्या भागात नेट गेल्यावर किती दिवसांनी येतं, ते खाली लिहा. कंपनीचं नाव नंतर, आधी गल्लीचं नाव लिहा. तुमच्याच शेजारच्या कोणाला तरी उपयोग होईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात, आणि दिवा हिरवा!